न नेलेली माणसं

मार्तंड पेंटरचा सगळा धंदा मेलेल्यांवर चालायचा, आणि त्यात त्याला वावगं असं काही वाटत नसे. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर, पिठाच्या गिरणीला लागून त्याचं दुकान होतं. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मार्तंड आर्ट्स' आणि खाली 'फोटोवरून हुबेहूब ऑइल पेंटिंग'. दुकानामागे एक खोली, खोलीत बायको सुनंदा, आणि खोलीवर पोटमाळा. मूलबाळ झालं नाही. त्यावरून भटवाडी पाठीमागे काय बोलते ते दोघांना ठाऊक होतं. पण घरातलं कुणी गेलं की तीच भटवाडी त्याच्या पायरीशी यायची, डोळे सुजलेले, हातात पिशवी आणि पिशवीत फोटो.

फोटो म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला घोळका. त्यात तिसऱ्या रांगेत गेलेला माणूस उभा. मार्तंड त्या फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचा, मोठे चौकोन कॅनव्हासवर आखायचा आणि माणसाला तिथून उचलायचा. खांद्यावरचा शेजाऱ्याचा हात काढून टाकायचा, मागच्या करवल्या काढायच्या, कडेवरचं पोर असेल तर तेही. हसू जरा आवरतं घ्यायचं, कारण हार घातलेल्या तसबिरीत दात दिसलेले लोकांना खपत नाहीत. मग कोट. ज्यानं जन्मात कोट घातला नाही अशा हमालालासुद्धा मेल्यावर मार्तंडचा कोट मिळे. बाईमाणूस असेल तर हिरवी काठाची साडी. आणि मागे सगळा राखाडी-आकाशी रंग, कारण तो लवकर होतो आणि डब्यात नेहमी उरलेला असतो.

आता यातली गंमत अशी की निम्मे लोक चित्र न्यायला यायचेच नाहीत. तेराव्याच्या आत पाहिजे म्हणून डोक्यावर बसणारा मुलगा चौदाव्या दिवशी कामावर जायला लागला की वडिलांना विसरे. रस्त्यात मार्तंड दिसला तर पलीकडच्या फुटपाथवर जाई. असे न नेलेले बाप, सासवा, काका पोटमाळ्यावर एकमेकांना पाठ लावून उभे असायचे. कॅनव्हास कमी पडला की मार्तंड त्यातलाच एक खाली काढी. कोट तसाच ठेवायचा, डोकं बदलायचं. एका कोटावर त्यानं तीन-तीन माणसं बसवली होती. खालचा माणूस कुणाला दिसत नाही, आणि दिसला तरी ओळखणारं कोण येणार होतं?

एक मात्र खरं, चेहरा तो चोख काढायचा. लहानपणी सिनेमाची बॅनरं रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे पाय चेपून शिकला होता. कोट खोटा असेल, साडी खोटी असेल, पण चेहऱ्याच्या बाबतीत मार्तंड पेंटरकडे बोट दाखवायची कुणाची छाती नव्हती. तेवढ्या एका गोष्टीचा त्याला माज होता आणि तो त्याला शोभतही होता.

गुणाजी त्याच्याकडे आला तो असाच, बापाचा फोटो घेऊन. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात तो लेथवर होता. बाप दत्ताराम परळच्या गिरणीत कापडाच्या साच्यावर आयुष्य काढून मेलेला. सोबत आई होती, जानकी. अंगानं काडी, नऊवारी, कपाळ नुकतंच मोकळं झालेलं.

फोटो गावकऱ्यांच्या खोलीतला होता. कोकणातल्या एका गावचे सगळे चाकरमानी ज्या एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे, ती खोली. गोकुळाष्टमीचं भजन चाललेलं, भिंतीला ट्रंकांची चळत, वर दोरीवर कपडे, आणि माणसांची इतकी दाटी की कुणाचा हात कुणाचा ते कळू नये. मधोमध दत्ताराम. हातात टाळ, तोंड उघडं, शेजाऱ्याचं कोपर त्याच्या खांद्यावर. गुणाजीनं सांगितलं, एकटा काढा, टाळ नको, कोट घाला. मार्तंडनं मान हलवली. जानकी फोटोतली खोली बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच आली. सून प्रेमा झोपली की तिला तेवढा वेळ मोकळा मिळायचा. पायरीवर टेकली आणि म्हणाली, गुणाजीचा काढताय तो काढा, पण माझ्यासाठी एक निराळा काढा. त्यात ते आणि मी.

मार्तंडनं तिला धंद्याचा नियम सांगितला. जिवंत माणूस मेलेल्या माणसासोबत एका चौकटीत घेत नाहीत. हार एकाला घातला तरी तो दोघांवर पडतो. ती म्हणाली, मी मरेपर्यंत हार घालणारच नाही, मग तर झालं? त्यानं तिचा फोटो मागितला.

"माझो फोटो कोण काढतलो?" ती म्हणाली. आणि मग, जसं काही आधीच ठरवून आली होती तसं, "माका त्यांच्या खोलयेत उभी करा. ती खोली मी कधी बघूक नाय."

लग्न होऊन सगळं आयुष्य उलटलं होतं. नवरा परळला, बायको गावी, मध्ये मनिऑर्डर. गणपतीला तो यायचा, शिमग्याला जमलं तर यायचा, आणि प्रत्येक वेळी आल्या पावली परत जायच्या गोष्टी काढायचा. सासू होती, गुरं होती, शेताचा तुकडा होता, म्हणून ती तिथेच राहिली. मुंबईत तिनं पहिलं पाऊल टाकलं ते नवऱ्याच्या मयतीला.

मार्तंडला हे काम नको होतं. फोटो नाही म्हणजे तिला समोर बसवून काढावं लागणार होतं, आणि जिवंत चेहरा त्याला वैताग देई. फोटो कसा गप्प बसतो, माणूस घडीघडी बदलतो. पण सुनंदानं तिला आत बोलावून चहा दिला होता, आणि चहा प्यालेल्या बाईला हाकलणं त्याला जमलं नाही.

मग ती रोज दुपारी यायला लागली. स्टुलावर नाही, उभीच राहायची. मार्तंडनं सांगितलं होतं, रीत अशी की पुरुष उभा आणि बाई खुर्चीत. तिनं ती उलटी करून घेतली. "ते जलमभर साच्यार उभे रव्हले," ती म्हणाली, "आता त्यांका बसवा. मी उभी रव्हतंय." म्हणून दत्ताराम खुर्चीत बसला, टाळ मांडीवर, आणि ती त्याच्यामागे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. भोवती तीच खोली, तीच ट्रंकांची चळत, तीच दोरी. माणसं मात्र सगळी काढलेली. ती मार्तंडच्या हाताची सवय होती.

उभी राहून ती बोलायची. ब्याऐंशीच्या संपाबद्दल सगळी मुंबई बोटं मोडत होती. घरं बसली, बायकांच्या अंगावरचं गेलं, बाप्ये दारूला लागले. जानकीनं मात्र संपाचं नाव काढलं की तिच्या चेहऱ्यावर लाज यायची. संप झाला म्हणून दत्ताराम गावी आला. सलग वर्ष-दीड वर्ष राहिला. चुलीपाशी बसून भाकरी खायचा, तिला पाणी काढून द्यायचा, रात्री खोकायचा. लोक विचारायचे, संप कधी मिटतो गं? ती म्हणायची मिटेल, आणि मनात म्हणायची न मिटो. मग एक दिवस गिरणीत पुन्हा नाव लागतं का बघायला तो मुंबईला आला आणि गुणाजीच्या खोलीत मेला.

"संप झालो म्हणान ते घराक इले," ती म्हणाली. "नायतर खंयचो संसार."

मार्तंडला असं ऐकत काम करायची सवय नव्हती. आजवर त्याच्याशी त्याची माणसं बोलली नव्हती. पण ती बोलत असताना तिच्या डाव्या डोळ्याखाली काहीतरी हलायचं, आणि ते त्याला धरायचं होतं. तीन वेळा पुसलं, चौथ्यांदा धरलं. सुनंदाला त्यानं जेवताना ते सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या डोळ्याखाली काय हलतं ते बघितलंय का कधी? त्यानं ताट पुढे ओढलं.

कपाळाशी येऊन तो अडला. बाई विधवा, पण चित्रात नवरा जिवंत बसलेला. त्यानं विचारलं तेव्हा तिनं चित्रातल्या नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, लावा. त्यानं ब्रशच्या टोकानं कुंकू लावलं. जानकी पुढे येऊन बघत राहिली. तिचा हात आपोआप स्वतःच्या कोऱ्या कपाळाकडे गेला आणि तिथून पदराकडे वळला.

"तुमका दिसता हो," ती म्हणाली.

तेवढ्या शब्दांनी मार्तंडच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याला आयुष्यात कुणी असं म्हणालं नव्हतं. लोक म्हणायचे झकास, म्हणायचे हुबेहूब, आणि बहुतेक जण तर काही न म्हणता गायब व्हायचे. रंग नीट वाळायला वेळ द्यायचा, आणि दत्तारामच्या वर्षश्राद्धाला ती ते गावी घेऊन जाणार, असं ठरलं. शेणानं सारवलेल्या ओटीवर कुठल्या भिंतीला लावायचं तेही तिनं ठरवून टाकलं होतं.

आणि त्याच सुमारास अनुपमाबाई आल्या.

अनुपमाबाई मुलुंडला राहायच्या, एका कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवायच्या आणि एका साप्ताहिकात चित्रांवर लिहायच्या. त्यांना दुकानाकडून खरं तर कॉलेजसाठी एक फलक रंगवून हवा होता. पण त्या दिवशी मार्तंडनं पोटमाळ्यावरची माणसं उन्हाला म्हणून खाली काढून भिंतीला टेकवली होती. बाई दारातच थांबल्या. एकेका चित्रापुढे उभ्या राहिल्या, मागे सरल्या, पुन्हा पुढे गेल्या. शेवटी चष्मा काढून डोळे पुसले.

त्या म्हणाल्या, ही माणसं बघा, प्रत्येकाच्या मागे काहीच नाही. नजर कुठेच पोचत नाही. एवढ्या गर्दीच्या शहरात माणूस आतून किती एकटा असतो ते इतक्या निष्ठुरपणे कुणी दाखवलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. मार्तंड प्रामाणिक होता तोवर. तो म्हणाला, मागे काही नाही कारण राखाडी रंग लवकर होतो. बाई हसल्या. त्यांना तो विनय वाटला.

पुढच्या महिन्यात साप्ताहिकात लेख आला. भटवाडीत तो अंक हातोहात फिरला. लेखात मार्तंडच्या कोटांबद्दल लिहिलं होतं की हा एकसारखा कोट म्हणजे शहरानं माणसावर चढवलेला परकेपणा. नजरांबद्दल लिहिलं होतं, हातांबद्दल लिहिलं होतं. मार्तंडनं तो इतक्या वेळा वाचला की दुसऱ्या आठवड्यात तोच गिऱ्हाइकांना एकटेपणा समजावून सांगू लागला. बाप गेला म्हणून रडत आलेल्या माणसाला! हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं काही ऐकू येत नाही. सुनंदा ओरडून सांगत होती, "एकटी कसली हो? मेलीत ती. न्यायला कोण आलं नाही म्हणून इथं पडलीत." त्यानं तिला सांगितलं की तुला त्यातलं कळणार नाही.

बाईंनी मुलुंडच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं. पोटमाळ्यावरची माणसं त्यांनी स्वतः निवडली. निवडून झाल्यावर त्यांची नजर कोपऱ्यातल्या चित्राकडे गेली, त्या खोलीकडे. खुर्चीत दत्ताराम, मागे जानकी.

बाई त्या चित्राजवळ गेल्या. मग म्हणाल्या, हे तुमचं सगळ्यात मोठं काम आहे मार्तंडराव. ही खोली, हा माणूस, मांडीवरचा हा टाळ. संपानंतरचा गिरणी कामगार असाच असणार.

"फक्त ह्या बाईंमुळे चित्र गोड होतंय," त्या म्हणाल्या. "त्या नसत्या तर हा माणूस खरा एकटा झाला असता."

मार्तंडनं सांगितलं की हे गिऱ्हाइकाचं आहे. बाईंनी आग्रह केला नाही. त्या इतकंच म्हणाल्या की मग राहू दे, बाकीची पुरेत. त्या पायरी उतरून गेल्या आणि मार्तंड त्या चित्रापुढे येऊन उभा राहिला. सगळ्यात मोठं काम कोपऱ्यात राहणार आणि उरलेलं मुलुंडला जाणार.

त्यानं मनाची समजूत घातली. प्रदर्शन आठवडाभराचं. वरून रंग लावला तरी ओला आहे तोवर टर्पेंटाइनच्या फडक्यानं निघतो. खालचा वाळलेला आहे, त्याला काही होत नाही. वर्षश्राद्धाच्या आधी पुसून ठेवता येईल. आणि हात तर रुळलेलाच होता. इतकी वर्षं त्यानं माणसांवर माणसं काढली होती. जानकीच्या जागी त्यानं दोरीवर वाळत घातलेला एक शर्ट काढला. पांढरा, लांब बाह्यांचा. खांदे बरोबर तिच्या खांद्यांवर आले. खुर्चीवरचा तिचा हात त्यानं शेवटी झाकला, आणि तो झाकताना हात जरा थांबला, एवढंच काय ते म्हणता येईल.

दुपारी जानकी आली तेव्हा चित्रावर चादर होती. प्रदर्शनात लावतोय म्हटल्यावर तिला कळेना. मग कळलं तेव्हा ती हरखली. लोक बघतील? सगळे? ती घरी जाऊन मुलाला आणि सुनेला सांगून बसली. प्रेमाचं म्हणणं होतं की जित्या बाईनं मेलेल्या नवऱ्याशेजारी उभं राहून चारचौघांत मिरवणं बरं नव्हे. गुणाजीनं अर्धी रजा टाकली. ह्या सगळ्याची मार्तंडला कल्पना नव्हती. त्याला वाटलं होतं, ती मुलुंडपर्यंत कुठे येते?

हॉलमध्ये चांगली गर्दी होती. खुर्चीतल्या दत्तारामपुढे सगळ्यात जास्त. अनुपमाबाई बोलत होत्या. त्या रिकाम्या शर्टाबद्दल लोकांना सांगत होत्या की बघा, घरात दुसरं कुणी उरलेलं नाही, माणूस स्वतःच्याच कपड्याच्या सोबतीनं बसलाय. एका म्हाताऱ्या गृहस्थांचे डोळे पाणावले. ज्या खोलीत दोन पाळ्यांत माणसं झोपायची, अंगाला अंग लागल्याशिवाय कूसही बदलता यायची नाही, त्या खोलीचा एकटेपणा बघून मुलुंडची माणसं हळहळली. एकटं जे होतं ते दुसरीकडे, चुलीपुढे होतं, आणि ते ह्या क्षणी पायताणं दाराशी काढून आत येत होतं.

जानकी गर्दीतून पुढे आली. नवऱ्याला बघितलं. मग त्याच्यामागे बघितलं. तिची नजर शर्टावर फिरली, ट्रंकांवर गेली, परत शर्टावर आली.

"आणि मी खंय आसंय?" तिनं विचारलं.

गुणाजीला लाजेनं कुठे बघावं कळेना. उत्तर दिलं ते अनुपमाबाईंनी. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. खरंच मायेनं घेतले, नाटक नव्हतं त्यात. त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही दिसत नाही म्हणूनच तुम्ही ह्यात सगळ्यात जास्त आहात. लोकांना ते आवडलं. कुणीतरी वा म्हटलं.

जानकीनं शिकलेल्या माणसापुढे हलवतात तशी मान हलवली. मग हात सोडवून घेऊन ती मार्तंडकडे वळली. तो पुटपुटत होता की शर्ट पुसतो, उद्याच पुसतो, खाली तुम्ही तशाच आहात. तिनं ते ऐकून घेतलं.

"त्या खोलयेत माका जागा नव्हतीच कधी," ती म्हणाली. "तुमचा चित्र खरा आसा."

रागावून म्हणाली असती तर मार्तंडला सोपं गेलं असतं. ती रागावली नव्हती. तिनं ते चित्र बघितलं होतं, त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा नीट बघितलं होतं, आणि तिला ते पटलं होतं.

शर्ट त्यानं पुसला नाही. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी बाईंनी सांगितलं की मुलुंडच्या एका दातांच्या डॉक्टरांनी ते चित्र मागितलंय, दवाखान्यासाठी. मार्तंडला नाही म्हणता येत होतं. त्याच्या ओठापर्यंत शब्द आलाही होता. पण गेलेल्याचा मुलगा नाही, पुतण्या नाही, कुणीही नाही, अशा परक्या माणसानं त्याचं चित्र घरून चालत येऊन मागावं, हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्यानं दिलं. गुणाजीला बापाचं कोटातलं चित्र फुकट दिलं, आणि जानकीला निरोप धाडला की तुमचं दुसरं काढून देतो, येऊन उभ्या राहा. ती आली नाही. वर्षश्राद्ध करून ती गावी गेली ती गेलीच.

लेखाचा गाजावाजा हळूहळू विरला. अनुपमाबाईंना पुढच्या हंगामात वसईचा कुणी कुंभार सापडला. मार्तंडनं बाईंच्या सांगण्यावरून रिकाम्या खोल्या आणि दोरीवरचे शर्ट काढून बघितले. ते कुणी मागितले नाहीत. तेव्हा त्यांच्यावर त्यानं पुन्हा कोट चढवले आणि दुकान पूर्ववत चालू झालं.

पुढच्या वर्षी आषाढात गुणाजी पायरीशी आला. केस काढलेले. आई गेली, गावी, तापानं. पोचेपर्यंत दहन उरकलं होतं, त्याला मुखदर्शनही झालं नाही. भिंतीवर बापाशेजारी आईची तसबीर हवी होती. फोटो मात्र एकही नव्हता.

"पण पेंटर, तुम्हाला काय फोटो लागणार?" तो म्हणाला. "महिनाभर समोर उभी होती ना ती तुमच्या."

मार्तंड हो म्हणाला. चेहऱ्याच्या बाबतीत तो नाही कधी म्हणालाच नव्हता. कॅनव्हास ताणला, खडू घेतला आणि बसून राहिला. अंगकाठी आली, नऊवारीची गाठ आली. चेहऱ्याच्या जागी काही येईना. डोळ्याखाली काहीतरी हलायचं हे आठवत होतं, काय ते आठवत नव्हतं. डोळे मिटले की पांढरा शर्ट दिसे. त्यानं सुनंदाला विचारलं, जानकी दिसायला कशी होती गं?

"मला काय विचारता?" ती भांडी घासता घासता म्हणाली. "मी चहा देत होते. बघत तुम्ही होतात."

मग तो मुलुंडला त्या दवाखान्यात गेला. दात दुखणाऱ्या माणसांच्या रांगेत बाकावर बसला. समोर भिंतीवर दत्ताराम. खिडकीतून तिरकं ऊन आलं तेव्हा शर्टाखालचा रंग जागोजाग उंच दिसायला लागला. अंबाड्याची कड दिसली, कानाची पाळी दिसली, कपाळाच्या मध्यावर कुंकवाचा एवढासा फुगवटा दिसला. बाकी सपाट. त्या काळात हात इतका बसला होता त्याचा की चेहरा त्यानं एकाच पातळ थरात काढला होता, वर येईल असं काही ठेवलंच नव्हतं. एवढ्या दिवसांचा सुकलेला शर्ट आता फडक्यानं निघणार नव्हता. सुरीनं खरवडला तर दोन्ही थर जाणार होते. शेजारच्या बाईनं पदर गालाला लावून त्याला विचारलं, कुठला दुखतोय? तेवढ्यात नर्सनं त्याला आत बोलावलं आणि तो उठून चालता झाला.

गुणाजीनं तगादा लावला होता. मासिक श्राद्ध जवळ आलं होतं. मार्तंड पोटमाळ्यावर चढला. न नेलेल्यांत एक म्हातारी होती, कुठल्याशा गुजराती वाडीत कामाला असलेल्या बाईची सासू. कुठली, कोण, त्याच्या लक्षात नव्हतं, सून पुन्हा फिरकली नव्हती. चेहरा उभट, गालफडं बसलेली, हिरवी काठाची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. तो तिला खाली घेऊन आला. कुंकवावर कातडीचा रंग फिरवला. केसांत थोडा जास्त पांढरा घातला. एवढ्यावर थांबला, कारण आणखी काय बदलायचं ते त्याला माहीत नव्हतं.

गुणाजी संध्याकाळी प्रेमाला घेऊन आला. मार्तंडनं चादर काढली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. आता हा म्हणेल ही कोण, आणि म्हणावंच त्यानं, असं त्याला वाटत होतं. तो म्हणाला असता तर मार्तंडनं खरं सांगून टाकलं असतं. पाय धरले असते.

गुणाजी बघत राहिला. ज्या बाईला तो मुंबईला आल्यापासून गणपतीच्या सुट्टीत चार दिवस भेटायचा, आणि पुढे वर्षभर घरात असूनही जिच्याकडे त्यानं धड बघितलं नव्हतं, तिला त्यानं हात जोडले.

"डिट्टो," तो म्हणाला. "डिट्टो आई. बघ ना प्रेमा, डोळे बघ."

प्रेमानं बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. इतक्या मनापासून हुबेहूब आजवर कुणी मार्तंडला म्हटलं नव्हतं. त्यानं दोरी घेतली, वर्तमानपत्र घेतलं आणि कुणाची तरी सासू नीट बांधून दिली. ती दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत तो पायरीवर उभा होता. मग आत येऊन त्यानं पाटीवरची धूळ झटकली, कारण उद्या सकाळी एक माणूस बापाचा फोटो घेऊन येणार होता.